सारूबाई बसून राहिली

बसा. शेंगा खायच्या तर खा, पण टरफलं खाली टाकू नका. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. तेव्हा आपल्या बोरमाळावर विजेचा खांब नव्हता, विहिरीवर इंजिन नव्हतं आणि आपल्या देवळावर कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं. एवढं मला माझ्या चुलत्यानं सांगितलं, आणि त्याला त्याच्या आजोबांनी.

त्या काळी बोरमाळावर ख्रिस्ती मंडळीची वीस-बावीस घरं होती. त्यातल्या एका घरात सारूबाई राहायची. लग्नानंतर चार वर्षांतच तिचा नवरा वारला होता. पदरात एकच मुलगा, दानियल. सारे त्याला दाना म्हणत. सारूबाई बैलांचे खांदे बघायची. जू घासून घासून बैलाचा खांदा सुजतो, फुटतो, त्यात अळ्या पडतात. तो बरा करण्याचं औषध तिला येत होतं. कडुनिंबाचा पाला, हळद आणि करंजाचं तेल. यात गुपित काही नव्हतं, बोरमाळावरच्या कुणालाही ते कालवता आलं असतं. पण सारूबाईनं लावलं की बैल उभा राहायचा आणि दुसऱ्यानं लावलं की लाथ मारायचा.

असं म्हणतात की चार चार कोसांवरचे बैल दावं तोडून तिच्या दारात येऊन उभे राहायचे. मालक मागून धापा टाकत यायचे, तोवर हिचं औषध लावूनही झालेलं असायचं.

सारूबाई कुणाचा खांदा कुणाला सांगत नसे. बैलाच्या खांद्यावर हात ठेवला की त्या घरातलं सगळं तिला कळायचं. मालक तापट आहे की शांत, घरात आज खाल्लंय की नाही, सून रडते की हसते. पण त्या घरातून निघताना ती ओट्यावर हात धुवायची आणि म्हणायची, "ज्या दावणीचं त्या दावणीला." मग कुणी कितीही खोदून विचारलं तरी तोंडातून शब्द निघत नसे. बायका तिच्यावर चिडायच्या, कारण गावभर फिरणाऱ्या बाईनं बातमी आणायची नाही म्हणजे काय!

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मंडळीतल्या काही जणांना वाटायचं की आपण आता ख्रिस्ती झालो, हे जुनं सोडावं. त्यांनी सारूबाईला तसं सांगून बघितलं. ती म्हणाली, "मी पूजा कुठं करते? वर्सभर राबवून घेतलं त्याची माफी मागते. माफी मागायला देवबाप्पाची ना हाय का?" 

आता रांजणाचं ऐका. देवळाच्या कोपऱ्यात एक मोठा रांजण होता. प्रत्येक घरची बाई दळायला बसण्याआधी एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी ती रांजणात ओतायची. ही ज्वारी विधवांची, पोरक्यांची आणि दारात भुकेलं कुणी येईल त्याची. ती मापट्यानं वाटायची मंडळीच्या वडिलांनी. म्हणजे मंडळीनं निवडलेला जो पुढारी, त्यानं. चांगल्या सालात त्या मापट्याकडे कुणी बघत नसे. पण ज्या सालाची ही गोष्ट आहे, त्या साली पाऊस नक्षत्रामागून नक्षत्रं कोरडीच घालवत गेला, आणि नेमके त्याच साली म्हातारे वडील शिमोनबा देवाघरी गेले. रांजण अर्ध्यावर होता. मापटं कुणाच्या हाती द्यायचं, यावर कितीतरी घरांच्या चुली अवलंबून होत्या.

तालुक्याहून पाद्रीसाहेबांचा निरोप आला. वडील तुमचे तुम्ही निवडा, पण शास्त्राप्रमाणे निवडा. घाई करू नका, प्रार्थना करा, आणि पौलानं पुढाऱ्याविषयी जे लिहून ठेवलं आहे ते वाचून एकेक माणूस पारखा.

मग आमची माणसं पारखायला बसली. याकोबतात्या सगळ्यांत मोठे, त्यांना थोडं वाचता येत होतं. ते बोट ठेवून एकेक गुण वाचायचे आणि लोक एकेक नाव गाळायचे. पुढारी दारू पिणारा नसावा, तिथं दोघं गळाले. मारका नसावा, तिथं तिघं गळाले, आणि चौथ्याची बायको नुसती खोकली म्हणून तोही गळाला. एका बायकोचा नवरा असावा, घर नीट चालवणारा असावा, पाहुण्याला जेवू घालणारा असावा, शिकवता येणारा असावा. असं करता करता चाळणीत एकच नाव राहिलं. दानियल.

आणि तो होताही तसा. उंच, देखणा, गळा गोड. त्यानं गाणं धरलं की तान्ही पोरं रडायची थांबायची. विडीसुद्धा ओढत नसे. त्या कोरड्या सालात तर त्यानं कमालच केली होती. देवळामागच्या विहिरीवर आपली बैलजोडी जुंपून तो दिवसभर मोट हाकायचा आणि वीस घरांना पाणी द्यायचा, भाजीचे वाफेसुद्धा भिजवायचा. लोक म्हणायचे, सारूबाईनं सोनं जन्माला घातलं.

शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला गेला, तेव्हा उंच देखण्या पोराकडे बघून तोही आधी चुकलाच होता. तिथं संदेष्ट्याची ही गत, तर मग आमच्या याकोबतात्यांना काय बोल लावायचा! त्यांनी सगळं वाचलं, फक्त शेवटची एक ओळ घाईनं वाचली. बाहेरच्यांचंही त्याच्याविषयी चांगलं मत असावं, अशी ती ओळ. तात्यांनी विचारलं, "दानियलाबद्दल कुणाचं काही वाईट मत हाय का?" आणि देवळात बसलेले सगळे त्याचे चुलते, मामा, मेहुणे नाहीतर त्याच्या विहिरीचं पाणी पिणारे. ते म्हणाले, न्हाई. झाली बाहेरच्यांची साक्ष.

आमच्यात मत द्यायची रीत म्हणजे उभं राहणं. तात्या म्हणाले, "ज्यांना दानियल पसंत हाय त्यांनी उभं राहावं." सगळं देऊळ उभं राहिलं. कडेवरच्या पोरांना आयांनी वर उचललं.

सारूबाई बसून राहिली.

लोकांना वाटलं, म्हातारीचे गुडघे दुखत असतील. शेजारच्या बाईनं हात पुढे केला. सारूबाईनं तो धरला नाही.

"सारूबाई, उठा की. पोरगा तर तुमचाच हाय," तात्या हसून म्हणाले.

"माझाच हाय," सारूबाई म्हणाली, "म्हणून तर बसलेय."

दाना पुढे उभा होता, त्याचा चेहरा पडला. सारूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

झालं होतं असं. त्या वर्षी लांबच्या गावांत गुरांना लाळ-खुरकताचा रोग आला होता. सारूबाई महिनाभर तिकडेच होती आणि शनिवारी परत आली. आल्याबरोबर तिनं पाहिलं, त्यांच्या मोऱ्या बैलाच्या पाठीवर झूल होती. सण नाही, वार नाही आणि झूल! तिनं विचारलं तर दाना म्हणाला, "माशा लई झाल्यात, आई." तिनं विश्वास ठेवला. रविवारी सकाळी ती मोऱ्याला भाकरीचा तुकडा द्यायला गेली. एरवी तो मान तिच्या हातात द्यायचा, तो आज मागे सरला. तिनं झूल वर केली. खांदा फुटला होता. रक्त झुलीला चिकटून वाळलं होतं. आणि दावणीला मुसकं लटकत होतं. दिवसभर मोट ओढताना वाफ्यातल्या हिरव्या पानाला तोंड लावू नये म्हणून ते त्याच्या तोंडाला बांधायचे. ज्या बाईला चार कोसांवरून बैल शोधत यायचे, तिच्याच गोठ्यात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेवढ्यात देवळाची घंटा झाली आणि सारूबाई तशीच देवळात आली होती.

आता ती तशीच बसल्या जागेवरून बोलली. "आजवर दुसऱ्याच्या दावणीचं मी कधी बोलले न्हाई. आज माझ्या दावणीचं बोलते. तुम्ही आतल्यांना विचारलंत. बाहेर एक साक्षीदार बांधलाय, त्याला कुणी विचारलं न्हाई. चला."

सगळे तिच्यामागे गोठ्यात गेले. सारूबाईनं झूल काढली. पाणी पिऊन ताजी झालेली वीस घरं तिथं उभी होती आणि त्या पाण्याचा भार कुणी वाहिला होता ते त्यांना दिसत होतं.

दाना म्हणाला, "आई, मी सगळ्यांसाठीच केलं. मोट थांबली असती तर लोकांनी पाणी कुठून आणलं असतं? आणि तू मला चारचौघांत..."

"खरंय रे राजा," ती म्हणाली. "तू केलंस ते लोकांसाठीच. पर झूल कुणासाठी घातलीस?"

दाना मोऱ्याच्या खांद्याकडे बघत राहिला.

मग ती लोकांकडे वळून म्हणाली, "माझं पोरगं वाईट न्हाई. त्याला मोऱ्याचं दुखणं दिसलं, आन् त्यानं ते झाकलं. उद्या रांजणापुढं येणारी बाई बी अशीच मुकी असती. मला भूक लागलीय असं ती तोंडानं सांगत न्हाई. तिला बघून ह्यो पुढं गाणं म्हणत गेला तर? मी आई हाय. माझा जीव तुटतोय. पर मी उठायची न्हाई." आणि जरा थांबून म्हणाली, "चूक माझी बी हाय. गावभर खांदे बघत फिरले, घरचा ऱ्हायला."

त्या दिवशी निवड झाली नाही. तात्यांनी मापटं सारूबाईच्याच हाती दिलं आणि म्हणाले, वडील मिळेपर्यंत तुम्ही वाटा.

पण पाण्याचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी लोक घागरी घेऊन विहिरीवर आले आणि बघतात तर काय, एका बाजूला चांद्या बैल जुंपलेला आणि मोऱ्याच्या जागी जुवाखाली सारूबाई. पदर खोचलेला, खांद्यावर चुंबळ ठेवलेली. ती म्हणत होती, "मोऱ्याचा खांदा भरंस्तोवर त्याच्या जागी मी."

लोक धावले. पण त्यांच्याआधी दाना धावला. तो रात्रीपासून आईशी बोलला नव्हता. त्यानं तिच्या खांद्यावरचं जू उचललं, तिला बाजूला केलं आणि आपला खांदा त्याखाली घातला. त्याच्या गड्यानं, बुधानं, चांद्याला हाक दिली आणि मोट चालू झाली.

असं म्हणतात की दानियलानं चाळीस दिवस जू ओढलं. माझा चुलता एकवीस दिवस म्हणायचा. शास्त्रात जे काही होतं ते चाळीस दिवसांतच होतं, म्हणून आमच्या लोकांनी चाळीस धरले असतील. पण ओढलं हे नक्की. पहिल्या दिवशी लोक बघत राहिले. दुसऱ्या दिवशी एकानं त्याला बाजूला करून आपला खांदा दिला, तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी. तरी सगळ्यांत जास्त ओढलं ते दानानंच. असं म्हणतात की त्या दिवसांत भरली मोट रिकाम्या मोटेइतकी हलकी वर यायची. आणि आजूबाजूच्या साऱ्या विहिरी तळाला गेल्या, पण देवळामागची विहीर एक वीतही उतरली नाही.

दानाचा खांदा सोलून निघाला. दिवस मावळायच्या आत सारूबाई ओट्यावर बसायची. एका बाजूला मोऱ्या उभा, दुसऱ्या बाजूला दाना बसलेला. मध्ये एकच वाटी. त्याच वाटीतलं औषध ती एक बोट बैलाच्या खांद्याला लावायची आणि एक बोट लेकाच्या. औषध झोंबायचं. दाना डोळे मिटून म्हणायचा, "आई, मोऱ्याला बी असंच झोंबतंय का गं?" सारूबाई म्हणायची, "तुला आता कळतंय न्हवं? मग झालं." आणि त्याच्या खांद्यावर फुंकर घालायची.

असं म्हणतात की दोघांचे खांदे एकाच दिवशी भरले.

रांजणही त्या सालात तळाला गेला नाही, असं म्हणतात. सारूबाईच्या हाताला गुण होता, की ज्यांच्या घरी थोडं होतं तेही लाजेकाजेस्तव एकाच्या दोन मुठी टाकू लागले होते, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही खरं वाटतं.

पुढे सहा वर्षं गेली. पाऊस परतला. सारूबाई थकली, तिसऱ्या वर्षीच तिचे पाय गेले होते. तिला उचलून ओट्यावर ठेवायचं आणि उचलून आत न्यायचं. मापटं उचलवेना, तेव्हा पुन्हा वडील निवडायची वेळ आली. या वेळी पाद्रीसाहेब स्वतः तट्टावरून आले. त्यांनी शास्त्र वाचलं आणि शेवटची ओळ दोनदा वाचली. मग दार उघडून म्हणाले, "आता बाहेरच्यांना बोलवा."

बुधा गडी आला. तो दारातच उभा राहिला. "साहेब, मी तुमच्या मंडळीतला न्हाई," तो म्हणाला. "माझा देव येगळा. पर ह्या दानियलाच्या घरी मी त्याच्या आधी जेवतो. आधी बैल, मग मी, मग त्यो. सहा वर्सं झाली."

दर हिवाळ्यात मेंढ्या घेऊन येणारी धनगरीण आली. तिच्या काखेत नवी काळी घोंगडी होती. ती म्हणाली, "आमची मेंढी ह्याच्या रानात कडाक्याच्या थंडीत व्याली. ह्यानं अंगावरचं पांघरूण काढून कोकरावर घातलं. मला म्हायीत बी नव्हतं, कोकरू वाचल्यावर कळलं. त्याच कोकराची ही लोकर." आणि तिनं ती घोंगडी सारूबाईच्या अंगावर घातली.

दाना मान खाली घालून म्हणाला, "मला नका निवडू. मी झूल घालणारा माणूस हाय." तेव्हा पाद्रीसाहेब म्हणाले, "जो हे विसरत नाही, त्याच्याच हाती मापटं द्यावं."

तात्यांनी विचारलं आणि सगळं देऊळ उभं राहिलं. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात गेल्या. सारूबाई बसलेली होती. तिला उठता येत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तात्या म्हणाले, "सारूबाई, तुमचं मनानं उठणं आम्ही धरून चालतो."

असं म्हणतात की त्याच वेळी म्हातारा मोऱ्या दावं ओढून देवळाच्या दारातून आत आला. कुणी अडवलं नाही. तो चालत सारूबाईपाशी गेला आणि त्यानं मान खाली घातली. सारूबाईनं त्याचं शिंग धरलं. आणि तीन वर्षं जी बाई आपल्या पायांवर उभी राहिली नव्हती, ती उठली. सगळ्यांत शेवटी उठली आणि सगळ्यांत उशिरा बसली. दाना लहान पोरासारखा हुंदके देत होता.

तेव्हापासून बोरमाळावर तीच रीत आहे. वडील निवडायचे असले की आधी तीन घरं बाहेरची विचारायची. पूर्वी त्या माणसाच्या बैलांचे खांदे चाचपायचे. आता ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरला खांदा नसतो, म्हणून ड्रायव्हरला विचारतात. आणि देवळात पुढे सारूबाईची घोंगडी अंथरतात. ती पहिली घोंगडी केव्हाच विरली, ही चौथी की पाचवी आहे, पण नाव तेच. तिच्यावर त्या माणसाची आई बसते. आई नसेल तर बायको, तीही नसेल तर त्याच्या घरी राबणारं कुणी. सगळं देऊळ उभं राहिलं तरी घोंगडीवरचं माणूस उठल्याशिवाय निवड होत नाही. आणि का उठला नाहीत, असं विचारायचं नाही.

तुम्ही मघाशी विचारलंत ना, की आजोबा, तुम्हाला एवढं शास्त्र पाठ, मग तुम्ही वडील का नाही झालात? एकदा माझं नाव निघालं होतं. सगळी मंडळी उभी राहिली. माझी आई घोंगडीवर बसून राहिली. मी काही विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. आमच्या मळ्यात खुरपायला येणारी गंगू दोन आठवडे तापानं पडून होती आणि मी तिच्या दारावरून रोज सायकलनं जात होतो. मला आईचा फार राग आला. लोक पांगले तरी मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. मग उठलो, चपला घातल्या आणि गंगूच्या घराची वाट धरली. चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "थांब रे, मी बी येते." वळून बघितलं तर घोंगडीवरून ती उठत होती.